उत्तमसिंगच्या संघर्षाची सुनावणी

प्रेरणानं आपल्यावर माहितीपट काढला तर पदरात काय पडेल, याचा हिशेब उत्तमसिंग राठोडनं दाढी करता करता करून ठेवला होता. दारव्हा रोडवरच्या कॉलनीत लोक 'बाबूजी' म्हणत, ते 'डायरेक्टरसाहेब' म्हणू लागतील. कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी कोणी रांगेवरून खेकसलं, तर मागचा माणूस त्याला कोपर मारून सांगेल की हळू बोल, हा कलावंत आहे. सासरकडची मंडळी लग्नात पहिल्या पंगतीला बसवतील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, अकरा वर्षं जो सिनेमा झाला नाही, तो का झाला नाही हे एकदाचं पुण्यापर्यंत कळेल. सिनेमा होण्यापेक्षा हे बरं होतं, कारण झालेल्या सिनेमात लोक चुका काढतात. अडलेल्या सिनेमाबद्दल लोक फक्त हळहळतात.

सिनेमा लदेणीवर होता. उत्तमसिंगच्या बंजारा समाजातले पूर्वज शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या प्रवासाला लदेणी म्हणतात. विषय उत्तम होता, याबद्दल दुमत नाही. अकरा वर्षांत तयारीही बरीच झाली होती. 'लेखक-दिग्दर्शक' छापलेलं व्हिजिटिंग कार्ड होतं, एक टोपी होती, जुना पण चालू कॅमेरा होता, आणि प्रत्यक्ष चित्रीकरण त्रेचाळीस सेकंदांचं होतं. त्यात एक बैल शेपटी हलवतो.

प्रेरणा ही शेजारच्या घनश्यामरावांची मुलगी. घनश्यामराव कळंबकडे कापूस-तूर करतात, राहतात यवतमाळला, आणि दोन्हीकडे सल्ला देतात. मुलगी पुण्यात सिनेमा शिकते. शेवटच्या वर्षाला तिला एक माहितीपट करून द्यायचा होता, आणि तिनं विषय घेतला, 'धडपडणाऱ्या दिग्दर्शकाचा सर्जनशील संघर्ष'. असा दिग्दर्शक कुंपणापलीकडेच बनियनवर झाडांना पाणी घालत होता.

"काकाजी, तुमच्या मार्गात काय काय आलं?" तिनं कॅमेरा लावून विचारलं.

उत्तमसिंग एक तास दहा मिनिटं बोलला. बोलताना त्यानं टोपी घातली होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सिनेमाचे वैरी तीन. पहिलं घर: "स्फूर्ती आली रे आली का आमची पुष्पा म्हनते, गहू दळून आना." दुसरी कचेरी: "साहेब सुट्टी देत नाही." तिसरा त्याचा स्वतःचा तांडा: "आपल्याच लोकायनं मले बैल देले नाही, पोरी. आपल्याच!" इथं त्यानं टोपी सारखी केली. चौथा अडथळा वनखात्याच्या परवानगीचा होता, पण तोवर बॅटरी संपली.

प्रेरणानं त्यातला एक मिनिटाचा तुकडा काढला, खाली बासरी लावली आणि दोन मैत्रिणींना बघायला पाठवला. घनश्यामरावांनी तो मुलीच्या कौतुकापोटी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला याचा आवक-जावक क्रमांक कोणाकडेच नव्हता.

पुष्पा शाळेत शिकवते. तिनं तो तुकडा मधल्या सुट्टीत, नऊ शिक्षिकांच्या सोबतीनं पाहिला. घरी आल्यावर तिनं स्वतःच गव्हाचा डबा उचलला, स्कूटरला लावला, दळून आणला. दुसऱ्या दिवशी उत्तमसिंग भाजी आणायला उठला, तर म्हणाली, "नाही नाही, तुम्ही बसा. स्फूर्ती येईन न् तुम्ही गिलके निवडत असान." तिनं खिडकीशी खुर्ची मांडून दिली, टीव्ही बंद केला, आणि कुकरच्या शिटीनं विचार तुटू नये म्हणून वरण उघड्या पातेल्यात शिजवलं. तीन दिवस उत्तमसिंग त्या खुर्चीत बसून अर्धकच्चं वरण खात होता. खिडकीतून समोरच्या कोकिळाबाई विचारायच्या, "आली का जी स्फूर्ती?"

कचेरीत साहेबांनी बोलावलं. "राठोड, माझ्या सासूनं पाहिला व्हिडिओ. तुम्ही मला खलनायक केलंत." आणि न मागता आठ दिवसांची सुट्टी मंजूर करून टाकली. मंजूर करताना मागची फाईलही काढली. अकरा वर्षांत उत्तमसिंगनं लग्नांसाठी, बारशांसाठी, एकदा तर टायर पंक्चर झाल्याबद्दल रजा घेतली होती. सिनेमासाठी अर्ज एकही नव्हता. "मी नाही कधी म्हणालो?" साहेबांनी विचारलं. उत्तमसिंग म्हणाला, "तुमचा चेहरा पाहून मी मांगतलीच नाही, सर." हे त्यानं माफीच्या सुरात म्हटलं होतं, पण तसं ऐकू गेलं नाही.

शहरातल्या शहरात उरली वनखात्याची परवानगी. तिथं तरी नकार मिळेल या आशेनं प्रेरणा कॅमेरा घेऊन सोबत गेली. टेबलामागच्या माणसानं शांतपणे विचारलं, "अर्ज कधी केला होता?"

"तोंडी सांगतलं होतं एकडाव."

"तोंडी अर्जावर शिक्का कुठं मारू?"

हे वाक्य उत्तमसिंगच्या ओळखीचं होतं. गेली वीस वर्षं तो स्वतः ते लोकांना ऐकवत आला होता, आणि ते समोरून कसं लागतं हे त्याला आज कळलं. त्यानं तिथंच तांड्याजवळच्या नाल्यात चित्रीकरण करण्यासाठी अर्ज लिहिला. त्या माणसानं नकाशा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "तुमचा तो नाला आमच्यात येतच नाही. तिथं गावच्या म्हशी बसतात. त्यांनी कुठं परवानगी घेतली?"

बाहेर आल्यावर प्रेरणा रडकुंडीला आली. "काकाजी, माझा विषय संघर्ष हाय. इथं त सगळेच मदत करून राह्यले. मी दाखवू काय?"

"मी काय करू वं पोरी? मीबी हैराण हाय," उत्तमसिंग म्हणाला, आणि ते खरं होतं. अकरा वर्षं सांभाळलेले बहुतेक अडथळे पाच दिवसांत लोकांनी काढून घेतले होते.

संध्याकाळी घनश्यामरावांच्या ओसरीवर यावर बैठक झाली. कोकिळाबाईंचं मत पडलं की बीपी दाखवावं, बीपी असलेला माणूस पडद्यावर पटकन मनात भरतो. घनश्यामराव म्हणाले, "बिमारी नको. गाडी ढकलू द्या. कलावंतानं भर दुपारी चढावावर बंद गाडी ढकलली का लोकायच्या डोयातून पानी येते. मी पाहून राह्यलो टीव्हीवर, सगळे ढकलतेत." पुष्पा म्हणाली, "ढकला. तेवढाच व्यायाम."

मग दुसऱ्या दिवशी बारा वाजता उत्तमसिंगनं स्कूटरमधलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं, टोपी घातली आणि चढावाला गाडी ढकलायला लागला. प्रेरणा दूर कडुनिंबामागं कॅमेरा घेऊन बसली. पन्नास पावलं छान गेली. घामही आला. मग एक मोटरसायकलवाला थांबला. "काय झालं भाऊ?" तो मागून पायानं गाडी लोटू लागला. प्रेरणानं लांबून हात हलवून त्याला जा म्हणून सांगितलं. त्याला वाटलं पोरगी मदत मागते आहे, म्हणून त्यानं फोन करून आणखी दोघांना बोलावलं. एका ऑटोवाल्यानं आपल्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढून दिलं. उसाच्या रसवाल्यानं ग्लास आणून दिला. एक म्हातारा म्हणाला, "कार्बोरेटर असन," आणि पाने घेऊन गाडी उघडूनच बसला. तासाभरात रस्त्यावर सोळा माणसं होती, गाडीचे सुटे भाग एका गोणपाटावर मांडले होते, आणि ती गाडी, जी सकाळी ठणठणीत होती, आता खरोखर बंद पडली होती. उत्तमसिंग सावलीत खुर्चीवर बसून दुसरा ग्लास पीत होता. खुर्ची कोणी आणली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी तांड्याहून फोन आला.

तांडा कळंबच्या अलीकडे आहे. उत्तमसिंगचा जन्म तिथला. तांड्याचे नायक भावसिंग बहात्तर वर्षांचे. फोनवरही उभ्यानं बोलतात. ते म्हणाले, "उत्तम, तुही फिर्याद पोचली."

"कायची फिर्याद, नायक?"

"तांड्यानं बैल देले नाही म्हून. सगळ्यायनं मोबाईलवर आयकली. रविवारी नसाब ठेवली हाय. बाकीच्या दोन आरोपींलेबी बोलाव."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. नायक, कारभारी आणि जाणती माणसं बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, आणि ज्याचं चुकलं त्याला दंड म्हणून साऱ्या तांड्याला जेवू घालावं लागतं. त्या बैठकीपुढं थापा चालत नाहीत, हे उत्तमसिंगला लहानपणापासून माहीत होतं.

"नायक, ते फिर्याद नोयती जी. तो सिनेमा हाय."

नायकांनी पलीकडून विचारलं, "मंग सिनेमात तू तांड्याबद्दल खोटं बोलला का?"

उत्तमसिंगनं फोनचा कान बदलला. एकीकडं फिर्याद होती, दुसरीकडं बदनामी. मधल्या जागेत उभं राहायला टाचभर जागा नव्हती. "फिर्याद समजा," तो म्हणाला.

प्रेरणा मात्र खूश झाली. "काकाजी, संघर्ष मियाला!"

रविवारी निंबाखाली सतरंज्या पडल्या. एरवी बैठक गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या आपल्या बोलीत, चालते. प्रेरणाच्या माइकसाठी नायकांनी ती मराठीत चालवायचं ठरवलं. कारभारी लखीराम वही घेऊन बसला. पुष्पा आरोपी म्हणून डब्यासकट आली होती. साहेबांनी स्वतः न येता म्हणणं लेखी पाठवलं, गोल शिक्क्यासह. घनश्यामराव कोणाच्याच बाजूचे नव्हते, पण पहिल्या ओळीत बसले.

पुष्पा उभी राहिली. "यायले इचारा, चक्कीवरून यायले किती येळ लागते."

"अर्धा घंटा," उत्तमसिंग म्हणाला.

"न् किती डाव?"

"हप्त्यातून एकडाव."

"बाकीचा हप्ता मी काय हात बांधून ठुले होते काय जी?" पुष्पा बसली. बायकांकडून खसखस पिकली. लखीरामनं लिहिलं, 'घर: सुटलं.' साहेबांचा कागद वाचून 'कचेरी: सुटली' लिहिलं. मग नायकांनी घसा साफ केला, कारण आता तांड्याची बारी होती.

"बैल तू कवा मांगतले?"

"मांगतले नाही."

"मंग आम्ही नाही कवा म्हनलो?"

"मले वाटलं, तुम्ही देनार नाही."

"कायवरून?"

उत्तमसिंगनं पुष्कळ विचार केला. "वातावरनावरून," तो म्हणाला.

निंबाखाली इतकं हसू उसळलं की प्रेरणाला माइकचा आवाज कमी करावा लागला. नायक मात्र हसले नाहीत. त्यांनी हात वर केला, सगळे गप्प झाले.

"तिघंबी सुटले. मंग सिनेमा काहून नाही झाला, उत्तम?"

आता कॅमेरा होता, तांडा होता, बायको होती, आणि बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं. उत्तमसिंगनं टोपी काढली. मांडीवर ठेवली, मग खाली ठेवली.

"भेव वाटे, नायक," तो म्हणाला. "केला न् खराब झाला त? न केलेला सिनेमा माह्या डोक्यात लय चांगला होता."

पुष्पानं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. घनश्यामरावांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि, हे नोंद घेण्यासारखं आहे, पुन्हा मिटलं.

"लिही," नायक लखीरामला म्हणाले. "सिनेमा आजच करायचा. खराब त खराब. बैल तांडा देईन."

तांड्यात ट्रॅक्टर नऊ निघाले आणि बैल सहा. मिठाच्या गोण्या नव्हत्या, म्हणून खताची पोती उलटी करून भुसा भरला. पाठीवर ओझं कसं बांधायचं यावर दोन म्हाताऱ्यांची बाचाबाची झाली. दोघांच्याही आजोबांची गाठ वेगळी होती आणि दोघांनीही ती पाहिलेली नव्हती. बैलांच्या पाठीवर जन्मात कोणी काही ठेवलं नव्हतं. पहिल्यानं अंग झटकलं. दुसरा बसला तो बसलाच. तिसरा ओझं घेऊन ऐटीत नाल्याकडे निघाला, उत्तमसिंग ओरडला, "वा! वा! घे, घे!" आणि बैल नाल्याच्या आधी वळून सरळ मालकाच्या गोठ्यात गेला, कारण ती सरकीची ढेप खायची वेळ होती. चौथ्यानं घनश्यामरावांच्या पांढऱ्या पायजम्याला शिंग लावलं. एवढं सगळं होऊनही उत्तमसिंग कोणावर चिडला नाही. तो धावत होता, पोती उचलत होता, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत तो कामात आहे असं पुष्पाला पहिल्यांदाच दिसलं.

"बैल राहू दे," नायक म्हणाले. "लालीबाईचं गानं तरी घे."

लालीबाई शहाऐंशी वर्षांची. लदेणीचं गाणं अख्ख्या तांड्यात तिच्याच तोंडात होतं. आजीच्या मांडीवर ऐकलेलं. त्या गाण्यात एकेक कडवं म्हणजे एकेक मुक्काम: आज बैल कुठं उतरले, कोणत्या विहिरीचं पाणी खारं निघालं, कोणाच्या घरी लेक झाली. सगळा सिनेमा या गाण्यावरच उभा राहायचा होता. उत्तमसिंग अकरा वर्षांत चार वेळा ते घ्यायला गेला होता. चारही वेळा ती गायला बसली आणि त्यानं आकाशाकडे पाहून म्हटलं, आज उजेड बरोबर नाही.

आजही ऊन डोक्यावर होतं. त्यानं सवयीनं वर पाहिलं. साऱ्या तांड्यानं त्याच्याकडे पाहिलं. "चालते," तो म्हणाला.

लालीबाईनं पदर सारखा केला आणि सुरू केलं. आवाज बारीक होता, पण ठेका चालत्या बैलांचा. पहिला मुक्काम झाला, दुसरा, तिसरा. बायका माना डोलवू लागल्या. सातवा मुक्काम नदीच्या काठाचा होता. बैल पाण्याशी आले, आणि लालीबाई थांबली. ओठ हलत राहिले. बोटांनी मांडीवर ठेका चालूच ठेवला, की ठेक्यामागून शब्द येतील. आले नाहीत.

"पुढचं गेलं रे बेटा," ती म्हणाली. तिला त्याचं फारसं वाटलंही नाही. "मागच्या होयीपर्यंत होतं."

प्रेरणानं कॅमेरा बंद केला नाही, पण ती त्यातून पाहत नव्हती.

"पुढं किती मुक्काम होते?" उत्तमसिंगनं विचारलं.

"चार."

तो लखीरामजवळ गेला. "दंड लिही. माह्यावर."

लखीराम गोंधळला. "तुह्यावर कोनाची फिर्यादच नाही. कायचा लिहू?"

"येळ लावल्याचा."

लखीरामनं नायकांकडे पाहिलं. असा दंड वहीत पूर्वी नव्हता. नायकांनी मान हलवली, आणि तो लिहिला गेला.

पुढच्या रविवारी उत्तमसिंगनं तांड्याला जेवण दिलं. वाढायला तो स्वतः होता, कमरेला टॉवेल बांधून. टोपी घरीच होती. तिसऱ्या फेरीला तो रश्शाची बादली घेऊन लालीबाईच्या ताटाशी आला. लालीबाई भाकर मोडत होती. मोडता मोडता, कोणी मागितलं नसताना, तोंडात घास असताना, ती गाण्यातली नदी उतरली.

उत्तमसिंगनं बादली तिथंच टेकवली. कॅमेरा घनश्यामरावांच्या गाडीत, गाडी वडाखाली, आणि प्रेरणा पाण्याच्या टाकीवर हात धूत होती. त्यानं रश्शाच्या हातानं खिशातून फोन काढला आणि लालीबाईपुढं धरला. आठव्या मुक्कामाचं कडवं पूर्ण आलं. मग लालीबाईनं पाणी मागितलं. त्या चित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत उत्तमसिंगचा पिवळा अंगठा दिसतो. आवाज स्वच्छ आहे.

आता वजाबाकी. प्रेरणा पहिल्या वर्गात पास झाली. पुण्यात लोक गाडी ढकलण्याला हसले आणि अंगठ्यापाशी गप्प बसले. उत्तमसिंगचा स्वतःचा सिनेमा साडेनऊ मिनिटांचा झाला, आणि तो, खरं सांगायचं तर, मध्यम आहे. घनश्यामरावांचा पायजमा गेला. साहेबांनी दिलेली आठ दिवसांची सुट्टी हक्काच्या रजेतून कापली गेली, पुष्पाच्या माहेरच्या लग्नाला रजा उरली नाही, म्हणून पुष्पा एकटी जाऊन आली. गहू दळायला तो पुन्हा जातो. शनिवारी चक्की चालू असते तेवढ्यात तो तांड्यावर फोन करून लालीबाईला काही आठवलं का विचारतो. अजून आठवलेलं नाही.

नववा, दहावा आणि अकरावा मुक्काम बाकी म्हणून कोणाच्या नावावर टाकायचे, असं लखीरामनं जेवणाच्या दिवशी वही मिटण्यापूर्वी विचारलं होतं. नायक उत्तर देण्याआधीच उत्तमसिंगनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि लखीराम ते लिहीपर्यंत वाकून पाहत उभा राहिला.